पुसदच्या खडकातले पाणी आणि गावाची स्वच्छता

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुका पूस नदीच्या खोऱ्यात वसला असून ही नदी पुढे पैनगंगेला मिळते. नदीकाठची काळी कसदार जमीन, तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या टेकड्या आणि त्यांच्या उतारांवर व पायथ्याशी विखुरलेले बंजारा तांडे आणि आंध आदिवासींच्या वस्त्या असे या तालुक्याचे रूप आहे. येथील पिण्याच्या पाण्याचा आणि शौचालयांचा प्रश्न सरकारदरबारी दोन वेगळ्या योजनांत विभागलेला असला, तरी जमिनीखाली ते दोन्ही एकत्र येतात. कारण ज्या खडकाच्या भेगांतून विहिरीला पाझर फुटतो, त्याच खडकात शौचालयाचे सांडपाणीही मुरते. त्यामुळे पाणी आणि स्वच्छता यांचा एकत्र विचार केल्याशिवाय गरीब गावांचे आरोग्य सुधारणे शक्य नाही.

हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसॉल्ट आहे. विहीर खणताना आधी माती, मग मुरूम, त्याखाली सच्छिद्र मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण लागतो. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत साठते. हा साठा मर्यादित असल्याने पावसाळ्यात विहिरी झपाट्याने भरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तितक्याच झपाट्याने आटतात. अधिक खोल बोअर घेणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय ठरत नाही, कारण खोलवर भेगा लागतीलच असे नसते आणि काही ठिकाणी तेथील पाणी सदोषही असते. याच जिल्ह्याच्या पांढरकवडा परिसरात भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची कमाल मर्यादा असून, ती ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात.

पाण्याच्या सरकारी धोरणाशी पुसदचे नाते जुने आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाच महाराष्ट्राला १९७२ चा दुष्काळ सोसावा लागला. त्या काळात कठीण खडकात यंत्राने बोअर घेऊन त्यावर हातपंप बसवण्याच्या कामाला वेग आला. आधीचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले असल्याने अख्ख्या गावाचा भार पडताच मोडत असत. जालना आणि सोलापूर येथे त्यांना पर्याय म्हणून भक्कम पोलादी पंप तयार झाले आणि सोलापूरच्या पंपाच्या आधारे, युनिसेफच्या सहकार्याने, इंडिया मार्क-दोन हा पंप विकसित झाला. आज आफ्रिकेतील अनेक देशांत तो वापरला जातो आणि विदर्भातल्या खेड्यांत ‘हापशी’ म्हणून ओळखला जातो.

बोअरची संख्या वाढली, पण खडकात मुरणारे पाणी वाढले नाही, आणि पाणी मुरवण्याच्या कामाचे महत्त्व येथूनच स्पष्ट होत गेले. पुसदचेच सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. १९९२ मध्ये राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले आणि त्यांचा स्मृतिदिन, १० मे, जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. उतारावर समतल चर खोदणे, नाल्यावर बांध घालणे आणि पाझर तलाव बांधणे ही कामे शेतीसाठी असल्याचे मानले जाते. परंतु पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला केलेले तेच काम त्या विहिरीचे आयुष्य वाढवते. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास निर्बंध घातले, तेही पिण्याचा स्रोत टिकवण्याच्या विचाराने. मात्र कायद्याची अंमलबजावणी तेथे शेती असलेल्या गावकऱ्यांच्या संमतीवाचून होत नाही, आणि ही संमती ग्रामसभेतच घडवावी लागते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायका-मुलींसाठी त्याचे मोल फार मोठे आहे. तरीही टाकी आणि जलवाहिनी पाणी निर्माण करीत नाहीत, ती केवळ वाहून नेतात. मूळ गावापासून दूर आणि उंचावर असलेल्या तांड्याचा नळ हा जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असतो, म्हणून दाब कमी झाला किंवा विहीर खालावली की पहिली झळ त्यालाच बसते. तांड्यासाठी स्वतंत्र टाकी आणि पाणी सोडण्याची वेगळी वेळ ठरवणे हा न्यायाचा भाग आहे.

शौचालयाचा प्रश्नही पाण्याशीच येऊन मिळतो. घरात पाण्याची वानवा असेल, तर बांधलेल्या शौचालयात सरपण आणि कडबा साठतो आणि माणसे पुन्हा उघड्यावर जातात. खेड्यासाठी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय सोयीचे ठरते, कारण तीव्र उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. मैला एका वेळी एकाच खड्ड्यात सोडला जातो. तो भरला की मधल्या चौकोनी कुंडीत प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिला खड्डा दीड ते दोन वर्षे बंद ठेवायचा, म्हणजे आतील मैल्याचे निर्धोक, वास नसलेले खत होते. पुसदच्या काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही आणि ती ओली-सुकी होताना फुगते व आकसते, त्यामुळे खड्ड्याच्या जाळीदार विटकामाभोवती सुमारे ३० सेंटीमीटर जाडीचा वाळू, खडी किंवा वीटतुकड्यांचा थर भरावा लागतो. टेकडीवर अडचण नेमकी उलटी असते. तेथे भेगाळ खडकातून सांडपाणी गाळले न जाता थेट विहिरीपर्यंत पोचू शकते, म्हणून नेहमीचे किमान दहा मीटरचे अंतरही अपुरे पडण्याचा संभव असतो आणि खड्डा विहिरीच्या उताराकडील बाजूस घेणे अगत्याचे ठरते. शौचालयाच्या अनुदानाची रक्कम सर्वत्र सारखी असली, तरी त्याचा आराखडा सर्वत्र सारखा असून चालत नाही.

इतके करूनही पाणी निर्जंतुक करावे लागतेच. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हजार लिटर पाण्यामागे साधारण पाच ग्रॅम ताजी टीसीएल (क्लोरीनयुक्त) पावडर बादलीत कालवतो, चुन्याचा गाळ खाली बसू देतो, वरचे निवळ द्रावण टाकीत ओततो आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडतो. खरी परीक्षा टाकीपाशी होत नाही, ती शेवटच्या नळावर होते. तेथील नमुन्यात क्लोरीन तपासणीच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकल्यावर येणाऱ्या पिवळ्या छटेवरून लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे ताडता येते. स्रोताभोवतीची अस्वच्छता, गळक्या वाहिन्या आणि पावडरचा साठा पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. हे कार्ड दप्तरात न राहता चावडीवर लागले, तर गावाला आपल्या पाण्याची स्थिती कळेल.

या रोजच्या कामांचा खर्च योजनेच्या उभारणीच्या खर्चापुढे लहान असतो, पण तो दर महिन्याला येतो. विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती, पावडर आणि जलसुरक्षकाचे मानधन पाणीपट्टीतून निघते. पाणी अनियमित आले की पट्टी थकते आणि पट्टी थकली की पाणी आणखी अनियमित होते. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी हिशेब उघडा असला पाहिजे आणि ज्या समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, त्या ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला सहीपुरते न ठेवता निर्णयाचा अधिकार मिळाला पाहिजे. तांड्यांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात. म्हणून पाण्याचा ताळेबंद पावसाळा संपताच, स्थलांतर सुरू होण्याआधी मांडून, त्यात तांड्याचा वाटा आधी राखून ठेवणे हेच ग्रामसभेचे पहिले काम ठरते.