गणितातील संख्यांचे महत्त्व : ६१७४ च्या निमित्ताने

प्रस्तावना

संख्या अनंत आहेत. परंतु शून्य, एक, ‘पाय’, ‘ई’ अशा मोजक्याच संख्यांना गणितात असाधारण प्रतिष्ठा लाभली आहे. ही प्रतिष्ठा केवळ परंपरेने मिळाली की तिला काही तार्किक आधार आहे, हा प्रश्न अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय गणित दिनाच्या कार्यक्रमांत ६१७४ ही संख्या अनेकदा ‘जादूची संख्या’ म्हणून दाखविली जाते. विद्यार्थी चकित होतात. पण आश्चर्यकारक संख्या आणि मूलभूत संख्या यांतील भेद त्यांच्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कापरेकर स्थिरांक

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक म्हणून काम केले. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. तो असा : सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ पासून प्रारंभ केल्यास :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे संख्या तेथेच स्थिरावते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे घडते. मात्र मध्येच तीन अंकी उत्तर आल्यास आरंभीचे शून्य राखावे लागते.

यामागे जादू नाही. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकीचे उत्तर ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढे येते. (अ − ड) चे मूल्य १ ते ९ असू शकते आणि (ब − क) त्याहून मोठे असू शकत नाही. म्हणून पहिल्याच पायरीनंतर हजारो संख्यांऐवजी केवळ ५४ शक्यता उरतात. त्या तपासल्या की सिद्धता पूर्ण होते.

मर्यादा कोठे आहे?

दशमान पद्धत सोडून पाच-आधारी पद्धतीत लेखन केल्यास ६१७४ ही संख्या १४४१४४ अशी सहा अंकी होते आणि वरील गुणधर्म तिला लागू पडत नाही. त्या पद्धतीत ३०३२ (दशमानातील ३९२) ही चार अंकी संख्या या क्रियेत स्थिर राहते. दशमानातही तीन अंकांसाठी स्थिरांक ४९५ आहे, तर दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. तात्पर्य, ६१७४ चे वैशिष्ट्य संख्येच्या मूल्याइतकेच आपल्या लेखनपद्धतीवर अवलंबून आहे. माणसाच्या हाताला दहा बोटे नसती, तर कदाचित ही संख्या कोणाच्या लक्षातही आली नसती.

मूलभूत संख्यांचे स्वरूप

‘पाय’ची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळातील काहील असो वा ग्रहाची वर्तुळाकार मानलेली कक्षा असो, परीघ व व्यास यांचे गुणोत्तर तेच राहते. ते कोणत्या अंकांत लिहिले याला महत्त्व नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) त्याचे सूक्ष्म मूल्य ३९२७/१२५० आणि स्थूल मूल्य २२/७ दिले आहे. याहून लक्षणीय बाब म्हणजे वर्तुळाचा उघड संबंध नसतानाही ही संख्या प्रकट होते. १ + १/४ + १/९ + १/१६ + … या अनंत श्रेढीची बेरीज ‘पाय’च्या वर्गाचा सहावा भाग आहे, असे ऑयलरने अठराव्या शतकात दाखविले. संख्याशास्त्रातील प्रसामान्य वितरणाच्या सूत्रातही तीच संख्या आढळते.

‘ई’चेही तसेच. एक रुपयावर वार्षिक १०० टक्के दराने व्याज वर्षातून एकदा आकारल्यास २ रुपये होतात, सहामाही आकारल्यास २.२५, मासिक आकारल्यास सुमारे २.६१ आणि दैनिक आकारल्यास सुमारे २.७१. आकारणी कितीही वारंवार केली तरी ही रक्कम २.७१८२८… ही मर्यादा ओलांडत नाही. जेथे वाढीचा वा घटीचा दर त्या क्षणीच्या मूल्याच्या प्रमाणात असतो, तेथे ही संख्या येते. किरणोत्सारी ऱ्हास हे त्याचे परिचित उदाहरण होय.

शून्य आणि एक यांचे महत्त्व आणखी मूलगामी आहे. शून्य मिळविल्याने व एकने गुणल्याने संख्या बदलत नाही, या गुणधर्मांवर बीजगणिताची रचना उभी आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यासह करावयाच्या क्रियांचे नियम दिले आणि शून्याला संख्येचा दर्जा प्राप्त झाला.

समारोप

संख्येचे महत्त्व ठरविताना तीन प्रश्न विचारता येतात. लेखनपद्धती बदलली तरी तिचा गुणधर्म टिकतो काय? ती परस्परांपासून दूर असलेल्या शाखांत पुनःपुन्हा भेटते काय? तिच्यावाचून गणिताची रचना अडते काय? ‘पाय’, ‘ई’, शून्य व एक या कसोट्यांस उतरतात. ६१७४ उतरत नाही.

तथापि, यावरून कापरेकरांचे कार्य गौण ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हयातीत अनेकांनी त्यांच्या संशोधनाकडे करमणूक म्हणून पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखनामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. ‘पाय’ अपरिमेय आहे याची सिद्धता प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला कठीण जाते. ६१७४ च्या ५४ शक्यता मात्र तो स्वतः तपासू शकतो आणि निरीक्षणाकडून सिद्धतेकडे जाण्याचा संपूर्ण प्रवास अनुभवू शकतो. म्हणून ही संख्या वर्गात जरूर दाखवावी. परंतु ‘जादू’ म्हणून तेथेच न थांबता तिचे कारण आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्याव्यात.