अ‍ॅम्प्लिफायरची वायर : आधी तांबे, मग भाव

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गाडीला अ‍ॅम्प्लिफायर बसवणारे पुष्कळ जण वायरिंग किटचा फक्त भाव विचारतात. आम्ही कापडवाले आधी माल पाहतो. भिवंडीच्या मागावर ४० काउंटचे सूत २० पेक्षा बारीक. वायरच्या गेजचेही तसेच. ८ पेक्षा ४ गेज जाड.

५०० वॅट आरएमएसचा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ४५ अँपिअर ओढतो. डिकीपर्यंत तांब्याची ४ गेज घेतली की निश्चिंती. स्वस्त किटमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तार खरवडा; आत पांढरी दिसली तर एक माप जाड घ्या.

बसवताना प्रथम बॅटरीचे मायनस टोक काढावे. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत हवा. तो तारेच्या रक्षणासाठी असतो. पत्र्याला घासून तार उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर गाडी पेटू शकते. म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी बूच बसवावे. अर्थिंगची तार आखूड ठेवून, रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर आवळावी. सिग्नलची केबल दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे गुणगुण येत नाही.

बिल पक्के घ्यावे आणि त्यावर ‘तांबे’ असे लिहून घ्यावे. दुकानदार कां कू करू लागला, तर मालाची परीक्षा तिथेच झाली.