सापडलेलं पिल्लू: खोक्यापासून नव्या घरापर्यंत

आधीच सांगून टाकतो, आम्ही दोघंही पशुवैद्य नाही. आमच्या पुण्यातल्या घरात दोन बाथरूम आहेत आणि त्यातलं एक गेली सात वर्षं पाहुण्यांना वापरता येत नाही, एवढीच आमची पात्रता. (हशा) त्या बाथरूममधून आतापर्यंत एकवीस पिल्लं गेली. सतरा आज कुणाच्या ना कुणाच्या घरी आहेत. चार वाचली नाहीत. आणि त्या चारांतलं पहिलं आमच्या हातून गेलं, आमच्या चुकीमुळे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जुलै महिना, संततधार पाऊस. गटाराच्या कडेला मुठीएवढं पिल्लू, डोळे जेमतेम उघडलेले, भिजून चिंब, अंग गार. आम्ही ते घरी आणलं आणि तुमच्यापैकी कुणीही जे केलं असतं तेच केलं. गाईचं दूध कोमट केलं, बाळाला धरतात तसं पिल्लाला मांडीवर उताणं धरलं आणि ड्रॉपरने दूध पाजलं. थोडं दूध नाकातून बाहेर आलं. आम्हाला वाटलं, घाईने पितंय, भूक लागली असेल. पहाटे चारला ते गेलं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे समजावून सांगितलं. ते ऐकताना फार अवघड गेलं, पण आजच्या व्याख्यानातलं सगळ्यात कामाचं तेच आहे. साधारण चार आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. ती आईच्या पोटाला चिकटून, भावंडांच्या ढिगात मिळते. अंग गार पडलं की आतडी जवळजवळ थांबतात, म्हणजे पोटात गेलेलं दूध पचत नाही. गिळण्याची ताकदही कमी होते, मग दूध श्वासनलिकेत उतरतं. उताणं धरलं तर हमखास. मांजरीचं पिल्लू पालथं असताना, मान किंचित वर करून पितं, आईजवळ पितं तसं. आणि गाईचं दूध त्याला मानवतच नाही. त्यातली साखर पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ. आपल्याकडे मांजर आणि दूध ही जोडी इतकी पक्की आहे, डोळे मिटून दूध पिण्याची म्हणसुद्धा त्याच्यावरच आहे, की बशीभर दूध ठेवलं की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं.

तर क्रम असा: आधी ऊब, मग अन्न. गरम पाण्याची बाटली टॉवेलात नीट गुंडाळायची आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची. दुसरा अर्धा मोकळा हवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. हेअर ड्रायर, हीटर, गॅसजवळ धरणं, यातलं काही नको. एकदम तापवायचं नसतं. तळपाय आणि तोंडाच्या आतला भाग बोटाला उबदार लागला, पिल्लू मान उचलायला लागलं, की मगच खाण्याचा विचार. त्याला तासभरही लागू शकतो. तो तासभर काही न पाजता बसणं हे या कामातलं सगळ्यात कठीण काम. शेजारची माणसं येऊन सांगतात, अहो, उपाशी आहे ते! (मागच्या रांगेतल्या काकू मान हलवताहेत. त्यांच्याकडेही कुणीतरी आलेलं दिसतंय.)

पाजायचं ते पिल्लांसाठी मिळणारं पावडरचं दूध. पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा दवाखान्यात मिळतं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. तीन आठवड्यांपर्यंतची पिल्लं आपली आपण शू-शी करत नाहीत. आई चाटते म्हणून होते. आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने प्रत्येक वेळी हलकेच पुसायचं. हे ठाऊक नसल्यामुळे पोट फुगून गेलेली पिल्लं आम्ही पाहिली आहेत.

आता उलटी बाजू. दिसलेलं प्रत्येक पिल्लू उचलायचं नसतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्या आज्या सांगायच्या. सातचा आकडा सोडा, पण जागा बदलते हे खरं. एकेक पिल्लू तोंडात धरून नेते आणि मागे राहिलेली आपल्याला 'अनाथ' दिसतात. पिल्लू स्वच्छ, पोट गोल, गप्प झोपलेलं असेल तर आई जवळपास आहे असं समजा आणि काही तास लांबून बघा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते, ही समजूत चुकीची आहे. आईकडे राहण्याइतकं चांगलं आपण काहीही देऊ शकत नाही. पण जखमी असेल, गार पडलं असेल, माश्या घोंगावत असतील, तर वाट पाहू नका.

ठमी असंच उचललेलं पिल्लू. गणपतीच्या आधीचा आठवडा होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका खोक्यात कुणीतरी आणून ठेवलं होतं. खोक्यात चपातीचे तुकडे होते, म्हणजे ठेवणाऱ्याला अगदीच दया नव्हती असं नाही. उपाशी मरेल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नासच. पुढे जाऊ.

मागचा डावा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. पावसाळ्यात आणि थंडीत पिल्लं उबेसाठी गाडीच्या इंजिनात शिरतात, गाडी सुरू झाली की पट्ट्यात सापडतात. तसंच झालं असावं. जखमेत अळ्या होत्या. आम्ही टॉवेल अंगावर टाकून, अख्खं पिल्लू टॉवेलासकट उचललं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं. पाय सरळ करायचा नाही, पट्टीने आवळायचा नाही. तो कुठे मोडलाय हे आपल्याला दिसत नाही.

आणि जखमेला काय लावायचं नाही, ते नीट ऐका. डेटॉल नको, फिनेल नको. मांजराचं यकृत ही द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही आणि मांजर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. अळ्यांवर टर्पेंटाइन टाका असं हमखास सांगतात. गुराढोरांना लावताना पाहिलेलं असतं त्यांनी. पिल्लाच्या कातडीला ते भाजतं. हळद विषारी नाही, पण जखमेवर थापली की डॉक्टरांना आत काय आहे ते दिसत नाही, आधी ती खरवडावी लागते. दुखतंय म्हणून आपली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, चुकूनही नको. एका गोळीने मोठं मांजरसुद्धा मरू शकतं. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते. सलाईनच्या पाण्याने वरवर धुवा, स्वच्छ कापड सैल ठेवा, दवाखाना गाठा. बस.

डॉक्टरांनी चिमट्याने एकेक अळी काढली. दात बघून वय पाच आठवडे सांगितलं. वजन भरलं ३६० ग्रॅम. पिल्लू जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि ढोबळमानाने दर आठवड्याला शंभर वाढतं. म्हणजे हे पाचशेच्या पुढे हवं होतं. पाय वाचणार नव्हता. पण लगेच काढताही येत नव्हता, कारण एवढ्या अशक्त जिवाला भूल झेपली नसती. आधी वजन वाढवा, म्हणाले.

कुणीतरी विचारलंच, 'एवढं करण्यापेक्षा शांतपणे झोपवून टाकलेलं बरं नाही का?' हा प्रश्न आम्ही वाईट मानत नाही. एका पिल्लाच्या बाबतीत आम्ही होकार दिलाय. त्याच्या पाठीचा कणा तुटला होता. ठमीचं तसं नव्हतं. मांजर तीन पायांवर उत्तम जगतं, आणि लहानपणी पाय गेला तर चौथा होता हेही बहुधा त्याला आठवत नसावं. (हे आमचं मत, विज्ञान नव्हे.)

त्या दिवशी तिने आमच्यातल्या एकाच्या मनगटाला ओरखाडलं, रक्त आलं. पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका. रेबीज मांजरालाही होतो. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरकडे जायचं. आम्ही लशीचे सगळे डोस घेतले.

घरी आल्यावर सरळ बाथरूम. आमचा म्हातारा बोका बाहेर, ती आत. दोन आठवडे भेट नाही, भांडी वेगळी, आत जाताना वेगळा अंगरखा, बाहेर आल्यावर हात धुणं. कारण मांजरांचा पार्व्हो. ताप, उलट्या, जुलाब, आणि लस न झालेली पिल्लं पटापट जातात. तो विषाणू जमिनीवर, कापडावर महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या साबणाने मरत नाही, ब्लीच लागतं. पिसवा होत्या, त्या बारीक फणीने काढल्या. लहान पिल्लाच्या पिसवा इतकं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. कुत्र्यांचं पिसवांचं औषध मात्र वापरू नका, त्यातली काही मांजरांना मारतात.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक वही. ३६०, ३६५, ३५५ (त्या दिवशी आम्ही जेवलो नाही), ३८०. अँटिबायोटिक, दिवसाआड मलमपट्टी, शिजवलेलं चिकन कुस्करून पिल्लांच्या खाण्यात मिसळून. वजन रोज एकाच वेळी करा आणि लिहा. पिल्लू आजारी आहे हे डोळ्यांना दिसण्याच्या एक दिवस आधी वहीत दिसतं. सोळाव्या दिवशी ५३० भरलं आणि पाय काढला. मांडीपासून, बराच वर. खाली थोडा ठेवला असता तर तो टेकवायचा प्रयत्न करून सारखी जखम झाली असती. क्ष-किरण, शस्त्रक्रिया, औषधं, लशी धरून साडेअकरा हजार रुपये लागले. आकडा मुद्दाम सांगतो, कारण लोक पिल्लू उचलताना हा विचार करत नाहीत आणि मग चौथ्या दिवशी आमच्या दारात आणून ठेवतात.

तिसऱ्या दिवशी ती चालायला लागली, दहाव्या दिवशी पडद्यावर चढली. एक गोष्ट मात्र आम्हाला कुणी सांगितली नव्हती. मांजर मागच्या पायाने कान खाजवतं. ठमीचा डावा कान खाजायचा, ती मान वाकडी करायची, आणि मांडीचा उरलेला तुकडा भराभर हलायचा. हवेत. कानाला काहीच लागायचं नाही. आम्ही बोटाने तो कान खाजवायला लागलो की तुकडा हलायचा थांबायचा.

आता दत्तक देणं. खरं सांगायचं तर इथेच बहुतेक जण अडकतात, आम्हीही. दोन महिने ज्याच्यासाठी रात्री उठलात ते द्यायचं कशाला? तर बाथरूम एकच आहे म्हणून. ठमी राहिली तर पुढचं पिल्लू कुठे ठेवणार? ज्या पिल्लाला आम्ही नाही म्हणू, ते पार्किंगमध्येच राहणार.

आठव्या आणि बाराव्या आठवड्यात लस, मधे जंतांचं औषध, मग फोटो. पहिलं कुटुंब फार गोड होतं, पण सातव्या मजल्यावर आणि खिडक्यांना जाळी नाही. जाळी लावा, मग या, म्हटलं. पुन्हा फोन आला नाही. आम्ही घरी जाऊन बघतो, घरातल्या प्रत्येकाशी बोलतो, घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का, मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की शस्त्रक्रिया करून घ्याल का, हे लिहून घेतो. मुलीच्या वाढदिवसाचं बक्षीस म्हणून मागणाऱ्यांना नमस्कार.

मग चिंचवडहून एक मायलेकी आल्या. आई शिवणकाम करते. घर तळमजल्यावर, नीटनेटकं, पण सगळीकडे दोरा. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, एकदा दोरा जिभेवर चढला की थुंकता येत नाही, आत आतच जातो, आतडं गोळा होतं. मागून टोक दिसलं तरी ओढायचं नसतं, आतडं कापलं जातं. हे सगळं आम्ही सांगितलं आणि मनातून नाहीच म्हणून टाकलं होतं. पंधरा दिवसांनी त्या बाईंचा फोन. 'या आता बघायला.' गेलो. रिळं झाकणाच्या डब्यात, सुया डब्यात, मशीनखाली चिंध्यांची पेटी, तिला कडी. म्हणाल्या, 'पंधरा दिवस अशीच सवय केली. आता मांजर नसलं तरी बरंच झालंय हे.'

तरी दिवाळी होईपर्यंत ठेवली. फटाक्यांच्या आवाजात नव्या घरातून मांजर पळालं तर सापडत नाही. दिवाळी झाली, त्या रविवारी नेऊन दिली. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, खाणं लगेच बदलू नका, आमच्याकडचं अंथरुण धुवू नका, त्याला ओळखीचा वास असतो, असं सगळं कागदावर लिहून दिलं. परत येताना रिकामा खोका मांडीवर होता आणि रिक्षावाला विचारत होता, काय घेऊन गेला होतात.

रात्री साडेदहाला मुलीचा मेसेज आला. ठमी कपाटाखाली आहे, जेवली, सगळं ठीक. एक प्रश्न होता, कागदावरचं एक वाक्य आईला नीट वाचता आलं नव्हतं. 'डावा कान, की उजवा?'

डावा, आम्ही लिहिलं. दिवसातून तीन-चार वेळा.