दोन मिलीमीटरचा सौदा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये पितळी टर्मिनल पट्टीचा रेट विचारला की मालक ड्रॉइंगकडे वळण्याआधी कॅल्क्युलेटर उघडतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, आणि त्याला पितळेची घनता म्हणून साडेआठ. 150 मिमी लांबीची, 10 बाय 10 ची पट्टी सव्वाशे ग्रॅमच्या थोडी वर जाते. बारा वायरींची भोकं आणि आटे पाडून झाले की शंभराच्या आसपास उरते. मधलं पितळ चुरा होऊन ट्रेमध्ये पडतं. तो चुरा कोणाचा, यावर निम्मी घासाघीस होते. शेडवाल्याने ठेवून घेतला तर मेकिंग चार्ज उतरतो. सोनाराकडच्या घटीसारखाच हा हिशेब, फक्त इथे तो उघड बोलला जातो.

पितळ नाशिकला नवं नाही. गोदाकाठच्या भांडी बाजारात ते जुन्या काळापासून विकलं जातं. पण भांड्याचं पितळ ठोकून घडवायचं असतं, पट्टीचं कापायचं. म्हणून इथे फ्री-कटिंग सळई लागते, आयएस 319 मधली, दोन-तीन टक्के शिसं मिसळलेली. शिशामुळे चुरा बारीक तुटतो, ड्रिलला गुंडाळत नाही. तांबं पितळेच्या तिप्पट-चौपट चांगली वीज वाहतं, हे खरं. पण ते टॅपला चिकटतं आणि कामाचा वेग मारतं. त्यामुळे मोठा करंट तांब्याच्या बसबारकडे आणि न्यूट्रल-अर्थच्या वायरी पितळेच्या पट्टीवर, अशी पॅनेलमधली वाटणी आहे.

काम पाहायला सोपं वाटतं. कापलेला तुकडा जिगमध्ये बसतो, आडवं 5 मिमीचं भोक आरपार जातं, ते वायरीसाठी. मग वरून 4.2 चं ड्रिल आणि त्यात एम-5 चा टॅप. दोन भोकं जिथे एकमेकांना भेटतात तिथे आत बर, म्हणजे धातूची धारदार कड, उठते. ती बाहेरून दिसत नाही, पण वायर सरकवली की तिचे तंतू कापते. जाणता ऑपरेटर टॅपिंगनंतर आडव्या भोकातून ड्रिल पुन्हा एकदा फिरवतो. घाईत हीच पायरी पहिली गळते.

आणि रेट ओढून धरला की ठरलेलं वाक्य येतं: “साहेब, उंची दोन मिली कमी करा, पाचवा हिस्सा वजन जाईल.” हिशेब अगदी बरोबर आहे. पण 10 मिमी उंचीत खाली दीड मिमीची भिंत आणि 5 चं भोक सोडलं, तर स्क्रूसाठी वर साडेतीन मिमी धातू उरतो. एम-5 चा पिच 0.8, म्हणजे चार आटे. उंची 8 केली की वर दीडच मिमी उरतो, दोन आटेही पुरे नाहीत. त्यातला अर्धा चॅम्फर खातो. ही पट्टी बेंचवर छान दिसते. साइटवर वायरमन शेवटचा पीळ देतो तेव्हा आटे जातात. किंवा जात नाहीत, स्क्रू नुसता सैल राहतो, आणि तो सैलपणा पुढे उष्णतेत दिसतो. यापेक्षा लांबीत एक-दोन भोकं कमी करून पैसे वाचवलेले परवडले.

प्लेटिंगचंही तसंच. 8 मायक्रॉनचा थर आट्यांच्या पिच व्यासात 32 मायक्रॉन खातो, म्हणून टॅप थोडा मोठा घ्यावा लागतो. हे आधी सांगितलं नाही, तर स्क्रू अर्ध्यात अडतो. प्लेटिंगची काटकसर मात्र जागा पाहून करावी. अमोनिया आणि ताण एकत्र आले की पितळ तडकतं. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या पितळी काडतुसांना असेच तडे जात. पॅनेल पोल्ट्री शेडमध्ये, म्हणजे अमोनियाच्या हवेत, लागणार असेल, तर उघडी पट्टी घेऊ नका.

परचेस ऑर्डरवर फक्त लांबी-रुंदी-नग लिहून भागत नाही. मटेरियलचा ग्रेड, पूर्ण आट्यांची किमान खोली, आतली बर काढलेली हवी आणि गेज प्लेटिंगनंतर लावायचं, एवढ्या चार ओळी जास्त लिहा. लॉट पास करण्याआधी सॅम्पलमध्ये खरी वायर घालून, खरा स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने 2 न्यूटन-मीटरपर्यंत आवळून बघा.