फरशी पुरली कोणी?

सन 2015 मधली गोष्ट. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात ब्रिक्स्टन डेव्हरिल नावाचे खेडे आहे. तेथील एक गृहस्थ घराशेजारच्या जुन्या कोठारापर्यंत विजेची केबल टाकून घेत होते. मुलांना कोठारात टेबल टेनिस खेळता यावे, एवढाच हेतू! मजुरांनी चर खणायला घेतला आणि जेमतेम दीड फुटावर अवजार खणकन कशावर तरी आपटले. माती बाजूला केली, तो खाली रंगीत चौकोनी खड्यांची नक्षीदार फरशी. अशा फरशीला मोझेइक म्हणतात.

पुरातत्त्वज्ञ धावून आले. फरशी एका भल्यामोठ्या रोमन वाड्याची निघाली. समुद्रावरून मुद्दाम आणवून खाल्लेल्या कालवांचे शिंपलेही सापडले. घराजवळ एक दगडी कुंडी होती, तीत जिरॅनियमची झाडे लावलेली असत. ती कुंडी म्हणजे एका रोमन मुलाची शवपेटी!

पण मुलांनो, एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ही फरशी जमिनीखाली गेली कशी? तेथे ना ज्वालामुखी, ना मोठा पूर.

या कोड्याचा पिच्छा पुरवणारा माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. तरुणपणी त्याचे मामा जोसाया वेजवुड यांनी त्याला आपले शेत दाखवले. काही वर्षांपूर्वी तेथे पसरलेला चुना आणि कोळशाची खर आता काही इंच खोल गेली होती. मामा म्हणाले, हे गांडुळांचे काम! डार्विनने 1837 मध्ये हा विचार विद्वानांच्या सभेत मांडला. पुढे अनेकांना तो पटेना. एवढासा दुबळा किडा कसले एवढे मोठे काम करणार?

सन 1876 मध्ये सरे परगण्यातील अ‍ॅबिंजर येथे, फॅरर नावाच्या जमीनदाराच्या जागेत, रोमन वाड्याचे अवशेष निघाले. पुढच्या ऑगस्टात खणण्याच्या वेळी अडुसष्ट वर्षांचा डार्विन स्वतः तेथे हजर राहिला. लाल खड्यांची फरशी स्वच्छ करण्यात आली. पाहतात तो दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर ताज्या मातीचे ढीग! खड्यांमधला चुना कुजून मऊ झाला होता. त्यातून वाट काढून गांडुळे खालची माती वर आणत होती. फॅररने पुढे कित्येक आठवडे त्याची नोंद ठेवली.

पावसाळ्यात आपल्या अंगणातही मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसतात, तसलेच हे. गांडूळ खाली माती गिळते आणि वर येऊन टाकते. वरचा थर वाढतो. खालची बिळे ढासळतात आणि फरशी केसाकेसाने खचते. भिंतींचे पाये खोल, त्यामुळे त्या तेवढ्या खचत नाहीत. म्हणूनच सिल्चेस्टरच्या रोमन खोल्यांत फरशी मधोमध झोळीसारखी दबलेली डार्विनला आढळली. अनेक ठिकाणी एका एकरात वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने 1881 च्या आपल्या पुस्तकात मांडला. त्यासाठी त्याने कलकत्ता आणि निलगिरीकडूनही गांडुळांची माती मागवली होती.

अर्थात सगळे श्रेय गांडुळांना देऊन चालणार नाही. सडलेला पाला, उतारावरून वाहून आलेली माती, पडक्या भिंतींचा राडारोडा यांचाही वाटा असतोच. शिवाय गांडुळे पुरातत्त्वज्ञांना चकवतातही. अ‍ॅबिंजरला रोमन नाण्यांबरोबर 1715 सालचे एक इंग्रजी अर्ध्या पेनीचे नाणे निघाले होते! कोणाच्या तरी खिशातून पडलेले ते नाणे गांडुळांनी खाली पोचवले. तेव्हा नाणे ज्या थरात मिळाले, तो थर त्याच काळातला असे डोळे मिटून म्हणता येत नाही.

डेव्हरिलची फरशी उघडी ठेवली असती, तर थंडीत खड्यांच्या फटींत पाणी गोठून ती फुटली असती. म्हणून तपासणी झाल्यावर तिच्यावर पुन्हा माती लोटण्यात आली.

डार्विनने 1842 मध्ये घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरले आणि 1871 मध्ये खणून पाहिले. एकोणतीस वर्षांत ती पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. शाळेच्या बागेत ओलसर, न खणली जाणारी एक हात जागा मिळाली, तर मृगात तिच्यावर विटांचा चुरा पसरा, तारीख वहीत लिहा आणि पुढच्या मृगात पट्टी घेऊन या.