व्हेंटिलेटरवरचा रुग्ण आणि ‘अँटिऑक्सिडंट’ औषध

थंडी पडू लागली, की जुनाट खोकल्याच्या आणि धापेच्या रुग्णांचा त्रास वाढतो. काष्टीसारख्या गावात कुणी उभी हयात विड्या ओढलेल्या असतात, तर कुणा आजीबाईंचा जन्म लाकूडफाट्याच्या चुलीपुढे गेलेला असतो. लोक या आजाराला सरसकट ‘दमा’ म्हणतात. पण पुष्कळदा तो सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा विकार असतो. जंतुसंसर्गाने तो अचानक बळावला, तर रुग्णाला अहिल्यानगर किंवा पुण्याला हलवून व्हेंटिलेटरवर ठेवण्याची वेळ येते.

अशा वेळी औषधांच्या चिठ्ठीत ‘एन-ॲसिटिलसिस्टीन’ हे नाव असू शकते. याने माणूस यंत्रावरून लवकर सुटेल का, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो.

धूर, सूज आणि जादा प्राणवायू यांमुळे फुप्फुसात पेशींना इजा करणारे उपद्रवी रेणू तयार होतात. त्यांना निकामी करणारे ग्लुटाथिऑन शरीर स्वतःच बनवते. त्यासाठी लागणारा कच्चा माल हे औषध पुरवते. शिवाय ते चिकट कफ पातळ करते.

कल्पना पटण्यासारखी आहे, पण पुरावा संमिश्र आहे. चीनमधील १,००६ सीओपीडी रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) रोज १,२०० मिलिग्रॅमच्या गोळ्या वर्षभर घेणाऱ्यांचा आजार कमी वेळा बळावला. युरोपातील अभ्यासात (२००५) रोज ६०० मिलिग्रॅमने फुप्फुसांची झीज थांबली नाही. नेदरलँड्समध्ये व्हेंटिलेटरवरील निरनिराळ्या आजारांच्या ९२२ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे औषध सालब्युटामॉलसह ठरावीक वेळी फवाऱ्याने देण्याऐवजी गरजेपुरते दिले, तरी यंत्राविना जाणारे दिवस घटले नाहीत. दुष्परिणाम मात्र कमी झाले. या फवाऱ्याने काहींच्या श्वासनलिका आकसतात, हेही ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, हे औषध मदतनीस आहे, तारणहार नव्हे. खरी भिस्त श्वासनलिका रुंदावणारी औषधे, स्टेरॉइड, गरजेनुसार प्रतिजैविके आणि वेळेवर मिळणारा मास्कचा व्हेंटिलेटर यांवर असते. प्राणवायूही मोजूनच द्यावा लागतो. या रुग्णांत त्याची रक्तातील पातळी साधारण ८८ ते ९२ टक्के राखतात.

तेव्हा एखाद्या औषधाच्या आशेवर शनिवारच्या बाजारात जनावर विकायला काढण्यापूर्वी ‘याने नेमका काय फायदा होईल?’ असे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. आणि ती वेळच येऊ नये म्हणून विडी सोडावी, चुलीचा धूर टाळावा, इनहेलर नियमित घ्यावा आणि फ्लूची लस टोचून घ्यावी. ओठ निळे पडले, बोलताना धाप लागली किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर घरी वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा.