नकोसे संदेश आणि न्यायाचा प्रश्न

दारावर येणारा प्रत्येक फेरीवाला आपल्याला हवा असतोच असे नाही. तथापि तो नकोसा आहे एवढ्यावरून तो चोर ठरत नाही. हल्ली हा फेरीवाला भ्रमणध्वनीवर येतो. कर्जाचे, भूखंडांचे, सोडतींचे संदेश वाचून कोणाचाही संयम सुटावा, हे स्वाभाविकच होय. परंतु या उपद्रवाला आवर घालताना निरपराध माणूस भरडला जाऊ नये, यासाठी मुळात उपद्रव कशाला म्हणावे, हे आधी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात तेवढ्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

अशा संदेशांना जगभर ‘स्पॅम’ म्हणतात. मूळचे हे अमेरिकेतील डबाबंद मांसाचे व्यापारी नाव. १९७० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी प्रवेशात हा शब्द इतक्या वेळा घोकला गेला की इतर संभाषण त्याखाली बुडाले. पुढे संगणकाच्या जगाने तो उचलला. म्हणजे एकाच्या कोलाहलात इतरांचा आवाज बुडणे, हा दोष या नावातच सांगितलेला आहे. मजकूर अप्रिय असणे हा दोष त्यात कोठेही नाही.

आपल्या कायद्याने नेमकी येथेच गल्लत केली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६ अ हे कलम आले. पाठवणाऱ्याच्या ठावठिकाणाविषयी दिशाभूल करणारे संदेश त्याने गुन्हा ठरवले, हे योग्यच होते. पण त्याच ओळीत ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे शब्दही येऊन बसले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्रास कोणाला व किती, याचे माप कलमात नव्हते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित करणाऱ्या पालघरच्या एका तरुणीस, आणि त्या मजकुराला केवळ पसंती दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीसही अटक झाली. त्यांनी काही विकले नव्हते, हजारोंना काही धाडले नव्हते, नावही लपवले नव्हते. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, आणि त्याबरोबर त्यातील दिशाभुलीविषयीचा उपयुक्त भागही गेला.

दुसरी चूक संख्येची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ मध्ये एका क्रमांकावरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली; लवकरच ती २०० केली. व्यापाऱ्याला वेसण घालण्याचा हेतू चांगला होता, परंतु घरच्या लग्नाचे आमंत्रण धाडणाराही तीत अडकला. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व्यक्तिगत संदेशांपुरती ही मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक ठरवली. त्यानंतर १०० च्या वरच्या संदेशांवर किमान ५० पैसे आकार आला, तो २०२० मध्ये काढला गेला. येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत वा तेलुगूत ७० चिन्हे, आणि त्यांत काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते. तोच निरोप मातृभाषेत धाडायचा तर तो दोन-तीन तुकड्यांत जातो. नेरडीगोंड्यासारख्या गावी, जेथे मराठी, तेलुगू आणि गोंडी शेजारी नांदतात, तेथे हा फरक केवळ तांत्रिक राहत नाही.

मग न्याय्य कसोटी कोणती? आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील कापसाचेच उदाहरण घेऊ. ‘कपाशीचे बियाणे आले आहे’ हा संदेश दुकानदाराने आपल्या नेहमीच्या, तसे सांगून ठेवलेल्या शेतकऱ्यांस धाडला, तर ती सेवा होय. तेच शब्द कोण्या अनोळखी इसमाने विकत घेतलेल्या यादीवरील दहा हजार क्रमांकांना नाव लपवून धाडले, तर तो उपद्रव. मजकूर एकच, फरक संमतीचा आणि ओळखीचा. २०१८ च्या नियमांनी हीच दिशा धरली: व्यापारी संदेश पाठवणाऱ्याने आपले नाव नोंदवावे, घेणाऱ्याची संमती नोंदलेली असावी. त्याआधी, २०१० च्या नियमांत ग्राहकाला कोणत्या विषयांचे संदेश हवेत हे निवडता येत होते. बँका, घरे, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे ते सात वर्ग होते. शेतीचा वर्ग त्यांत नव्हता!

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली. नोंदणी न केलेल्या प्रेषकाविरुद्ध पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्या अपराधाला पंधरा दिवस त्याच्या क्रमांकावरून बाहेर जाणारी सेवा बंद. पुन्हा घडल्यास वर्षभर जोडणीच तोडली जाते. पीडिताला लवकर दाद मिळते, हे स्वागतार्ह आहे. परंतु पाच रागावलेली माणसे जमवणे कोणत्याही गावात अवघड नसते, आणि स्पर्धक दुकानदाराला तर मुळीच नाही. म्हणून कारवाईपूर्वी प्रेषकाला कारण कळावे, संमतीचा पुरावा मांडण्याची संधी मिळावी आणि चूक झाल्यास सेवा विनाविलंब पूर्ववत व्हावी, असे मला वाटते. बियाणे विकणाऱ्या त्या दुकानदाराचा दूरध्वनी मृगाच्या तोंडावर पंधरा दिवस मुका झाला, तर त्याची भरपाई पुढच्या हंगामापर्यंत होत नाही.